अश्लीलतेची चाळणी आणि एकटा कलावंत

समाजमाध्यमावर टाकलेले चित्र लोकांपर्यंत पोहोचण्याआधी यंत्राच्या नजरेखालून जाते. चित्रात किती त्वचा दिसते, शरीराचा कोणता भाग उघडा आहे, देहाची ठेवण कशी आहे, याचा अंदाज यंत्र क्षणार्धात बांधते आणि त्यावरून चित्राचे पुढे काय करायचे ते ठरते. काही चित्रे बिनबोभाट पुढे जातात, काहींवर धूसर पडदा येतो, काही काढून टाकली जातात. बरीच चित्रे जागच्या जागी राहूनही कुणाला दिसेनाशी होतात. मुलांच्या संरक्षणासाठी आणि एखाद्याच्या संमतीशिवाय पसरवलेल्या खासगी छायाचित्रांना आळा घालण्यासाठी अशी व्यवस्था हवीच, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो या व्यवस्थेत अडकणाऱ्या कलेचा, आणि त्यातही अशा कलावंतांचा, ज्यांच्या पाठीशी संग्रहालय, गॅलरी किंवा प्रकाशनसंस्था नाही.

मानवी देह हा चित्रकलेचा आणि शिल्पकलेचा मूळ अभ्यासविषय आहे. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी समोर बसलेल्या नग्न मॉडेलवरून देहरेखाटन शिकतात. रवी जाधव यांच्या ‘न्यूड’ या चित्रपटाने हा वर्ग आणि त्यातल्या मॉडेलचे आयुष्य मराठी प्रेक्षकांसमोर आणले. (हाच चित्रपट २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातून ऐन वेळी वगळण्यात आला होता.) वर्गात केलेले कोळशाचे रेखाटन विद्यार्थ्याने इन्स्टाग्रामवर टाकले, की ते जगभरातल्या कोट्यवधी छायाचित्रांच्या रांगेत उभे राहते. ते अभ्यासचित्र आहे की आणखी काही, हे ठरवायला त्या रांगेत कलाशिक्षक नसतो.

चाळणीची पहिली पद्धत ठशांची आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाची जी छायाचित्रे तपासयंत्रणांना आधीच सापडलेली आहेत, त्यांचा एक अंकीय ठसा बनवून ठेवतात आणि नव्याने आलेले प्रत्येक चित्र त्या ठशांशी ताडून पाहतात. मायक्रोसॉफ्टने डार्टमथ कॉलेजच्या साहाय्याने २००९ मध्ये विकसित केलेली ‘फोटोडीएनए’ ही प्रणाली या पद्धतीची. ती ओळखीचेच चित्र पकडत असल्याने नव्या कलाकृतीला तिचा उपद्रव जवळजवळ होत नाही. हे नीट लक्षात घ्यायला हवे, कारण मुलांच्या संरक्षणाचे कारण बहुतेक वेळा कलावंतांच्या तक्रारीला उत्तर म्हणून पुढे केले जाते. संरक्षणाचे हे सर्वांत महत्त्वाचे काम करणारे साधन आणि कलावंतांना त्रास देणारे साधन ही दोन वेगळी साधने आहेत.

त्रास होतो तो दुसऱ्या पद्धतीचा, म्हणजे अंदाजाचा. लाखो चित्रांवर माणसांकडून ‘चालेल’, ‘चालणार नाही’ अशा खुणा करून घ्यायच्या, ती चित्रे संगणकाला दाखवायची आणि त्यांच्यातले साम्य त्याला स्वतःच शोधू द्यायचे, अशी ही रीत आहे. याहूने २०१६ मध्ये अशी एक प्रणाली सर्वांसाठी खुली केली. तिला चित्र दिले की ती शून्य ते एक यांच्या दरम्यानचा आकडा देते. आकडा एकच्या जितका जवळ, तितकी चित्र अश्लील असण्याची शक्यता जास्त. मात्र कोणत्या आकड्याच्या वरचे चित्र रोखायचे, हे यंत्र सांगत नाही. ते कंपनीने ठरवायचे असते. रेषा खाली आखली तर निरुपद्रवी चित्रे अडकतात, वर आखली तर आक्षेपार्ह चित्रे निसटतात. दिवसाला दहा लाख निर्दोष चित्रे तपासणारे यंत्र शंभरात एकदाच चुकते असे धरले, तरी रोज दहा हजार निर्दोष चित्रे अडकणार. ही चूक सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. कुत्र्या-मांजरांची आणि लग्नसमारंभाची छायाचित्रे टाकणाऱ्याला ती वर्षानुवर्षे भेटणारही नाही. देह हाच ज्याचा विषय आहे, त्याच्या दारात ती वारंवार येऊन उभी राहते.

यंत्राला रंग आणि आकार कळतात, प्रसंग कळत नाही. लंडनच्या पोलिसांनी २०१७ मध्ये सांगितले होते, की त्यांची प्रणाली वाळवंटाच्या छायाचित्रांना नग्न देह समजते, कारण वाळूच्या टेकड्यांचा रंग आणि गोलाई तिला त्वचेसारखी वाटते. खुणा करणाऱ्या माणसांचे पूर्वग्रहही यंत्रात उतरतात. ‘द गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तपासात मोठ्या कंपन्यांच्या प्रणालींना स्त्री-पुरुषांची सारख्याच स्वरूपाची छायाचित्रे देऊन पाहिली. व्यायाम करणाऱ्या किंवा अंतर्वस्त्रातल्या स्त्रीला यंत्राने जितके उत्तान ठरवले, तितके तशाच पुरुषाला ठरवले नाही. गरोदर स्त्रीच्या पोटाचे छायाचित्रही त्यातून सुटले नाही. स्त्रीदेहाकडे एका विशिष्ट नजरेने पाहण्याची सवय यंत्राने माणसाकडूनच उचलली, आणि स्वतःच्या देहाबद्दल चित्रांतून बोलू पाहणाऱ्या स्त्री-कलावंतांना तिची झळ सर्वाधिक बसते.

पण सगळा दोष यंत्रावर टाकून चालणार नाही. रेषा इतकी खाली का आखली जाते, याची कारणे व्यवहारात आहेत, आणि ती समजून घेण्यासाठी टम्बलर या संकेतस्थळाइतके बोलके उदाहरण नाही.

टम्बलर २००७ मध्ये सुरू झाले आणि थोड्याच वर्षांत तरुण चित्रकार, कॉमिक रचणारे, छायाचित्रकार यांचा तो मोठा अड्डा बनला. नग्नतेला तिथे मज्जाव नव्हता. समलिंगी आणि पारलिंगी कलावंतांना इतरत्र न मिळणारा प्रेक्षक तिथे मिळत असे. याहूने २०१३ मध्ये ही कंपनी ११० कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे याहूबरोबर ती व्हेरायझन या दूरसंचार कंपनीकडे गेली. नोव्हेंबर २०१८ मध्ये बालशोषणाची काही छायाचित्रे टम्बलरच्या चाळणीतून निसटल्याचे उघड झाले आणि ॲपलने आपल्या ॲप स्टोअरमधून टम्बलरचे ॲप काढून टाकले. आयफोनवर नव्या वापरकर्त्यांना ते घेता येईना. ३ डिसेंबरला कंपनीने जाहीर केले, की १७ डिसेंबरपासून प्रौढ मजकुरावर सरसकट बंदी. कागदावर कलेला सवलत होती. शिल्पे, रेखाचित्रे, स्तनपानाची आणि शस्त्रक्रियेनंतरची छायाचित्रे चालतील, असे नियमात लिहिले होते. प्रत्यक्षात अंमलबजावणी यंत्राच्या हाती गेली आणि पूर्ण कपड्यांतल्या माणसांची छायाचित्रे, साधी व्यंगचित्रे अशांवरही लाल पट्टी चढली. ज्या कलावंतांनी दहा-दहा वर्षांचे काम तिथे मांडले होते, त्यांना आवराआवर करायला दोन आठवडे मिळाले.

सिमिलरवेब या मोजणी करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांनुसार डिसेंबर २०१८ मध्ये टम्बलरला सुमारे ५२ कोटी भेटी मिळाल्या होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या सुमारे ३७ कोटींवर आल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने टम्बलर विकत घेतले तेव्हा ११० कोटी डॉलरच्या या कंपनीची किंमत ३० लाख डॉलरपेक्षाही कमी असल्याच्या बातम्या आल्या. न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने ही बंदी समलिंगी आणि पारलिंगी वापरकर्त्यांना अधिक जाचक ठरली का, याची चौकशी केली. २०२२ मध्ये झालेल्या समझोत्यात टम्बलरने अपिलाची पद्धत सुधारण्याचे आणि तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे मान्य केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नग्नतेला पुन्हा परवानगी मिळाली, पण उघड लैंगिक कृत्यांच्या चित्रणाला नाही. जुने दिवस परत आणणे का शक्य नाही, हे ऑटोमॅटिकचे प्रमुख मॅट मलनवेग यांनी तेव्हा सविस्तर लिहिले: कार्ड कंपन्या, ॲप स्टोअर, वय आणि संमती तपासण्याचा खर्च, हे सारे आड येते.

म्हणजे चित्र चालेल की नाही याचा निर्णय ते ज्या संकेतस्थळावर आहे तिथे पूर्णपणे होतच नाही. वरून ॲपल आणि गूगल यांच्या ॲप स्टोअरचे नियम असतात. पैशाच्या वाटेवर व्हिसा आणि मास्टरकार्ड बसलेले असतात. जाहिरातदारांना आपली जाहिरात नग्न देहाशेजारी नको असते. कायद्याचीही भीती असते. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये ‘फोस्टा-सेस्टा’ नावाने ओळखला जाणारा कायदा आला आणि लैंगिक शोषणासाठीच्या मानवी तस्करीला हातभार लावल्याबद्दल संकेतस्थळाला जबाबदार धरण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून धोका नको म्हणून जास्तीचे काढून टाकणे कंपन्यांना सोयीचे वाटू लागले. या सगळ्यात एक साधा हिशेब आहे. चुकीचे चित्र राहू दिले तर कंपनीला दंड, बदनामी, ॲप स्टोअरमधून हकालपट्टी भोगावी लागते. चांगले चित्र काढले तर कंपनीचे काहीच बिघडत नाही. नुकसान होते ते चित्रकाराचे, आणि ते कंपनीच्या कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

नामवंत कलाकृती अडकतात तेव्हा त्याची बातमी तरी होते. व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात ‘विलेनडॉर्फची व्हीनस’ ही जेमतेम ११ सेंटिमीटर उंचीची, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीची स्त्रीमूर्ती आहे. तिचे छायाचित्र फेसबुकने २०१७ च्या अखेरीस अश्लील म्हणून रोखले; संग्रहालयाने आवाज उठवल्यावर कंपनीने चूक मान्य केली. व्हिएतनाम युद्धात नापाम बॉम्बने भाजून रस्त्यावर धावणाऱ्या नग्न मुलीचे निक उट यांच्या नावे प्रसिद्ध असलेले १९७२ मधले छायाचित्र २०१६ मध्ये फेसबुकवरून काढले गेले. नॉर्वेतल्या ‘आफ्टनपोस्टन’ दैनिकाच्या संपादकांनी पहिल्या पानावर खुले पत्र लिहिले, पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांनी टाकलेले तेच छायाचित्रही काढले गेले, तेव्हा कुठे फेसबुक मागे हटले. २०२१ मध्ये व्हिएन्नाच्या पर्यटन मंडळाने शहरातल्या संग्रहालयांमधली नग्नचित्रे दाखवण्यासाठी चक्क ओन्लीफॅन्स या प्रौढांच्या संकेतस्थळावर खाते उघडले. कारण अल्बर्टिना संग्रहालयाचे टिकटॉक खाते जपानी छायाचित्रकार नोबुयोशी अराकी यांच्या कामामुळे बंद झाले होते आणि लिओपोल्ड संग्रहालयाला कोलोमन मोझर यांचे प्रेमी युगुलाचे चित्र जाहिरातीत वापरता येत नव्हते.

या प्रत्येक गोष्टीचा शेवट एका परीने बरा झाला. मागे संग्रहालय होते, वृत्तपत्र होते, पर्यटन मंडळ होते, एकदा तर देशाच्या पंतप्रधान होत्या. कंपनीच्या कुणा अधिकाऱ्यापर्यंत त्यांचा आवाज पोहोचू शकत होता. सांगलीत किंवा पेडण्यात बसून देहचित्रे रंगवणाऱ्या, ती इन्स्टाग्रामवर दाखवून मागणी मिळवणाऱ्या चित्रकाराला यांतले काहीच उपलब्ध नसते. नियम दोघांना एकच, चाळणीही एकच. पण चुकीची दुरुस्ती होते ती ज्याचे नाव आधीच मोठे आहे त्याचीच.

स्वतंत्र कलावंताचे नुकसान नेमके कसे होते, ते पाहिले पाहिजे. पोस्ट उडणे हा त्यातला दिसणारा भाग. पोस्ट उडाली की खात्यावर एक खूण पडते. अशा खुणा साचल्या की काही दिवस नवे काही टाकता येत नाही, आणि शेवटी खातेच बंद होते. खाते म्हणजे आजच्या कलावंताचे दुकान, ओळखपत्र आणि गिऱ्हाइकांची वही. अनुयायांची यादी दुसरीकडे नेण्याची सोय नसते. सात-आठ वर्षांत जमवलेले वीस हजार लोक एका सकाळी हातचे जातात, त्यांत अर्धवट बोलणे झालेली कामेही जातात, आणि नव्याने सुरुवात शून्यापासून करावी लागते. नियम मोडल्याचा शेरा मिळालेली कलाकृती पैसे देऊन जाहिरातीतूनही पुढे आणता येत नाही. जाहिरातींचे नियम तर साध्या पोस्टपेक्षाही कडक असतात. बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या पर्यटन मंडळाने २०१८ मध्ये थोर चित्रकार रुबेन्सची चित्रे जाहिरातीत चालत नाहीत म्हणून फेसबुकला जाहीर पत्र लिहिले होते. जिथे रुबेन्सचा निभाव लागत नाही, तिथे नवख्याची काय कथा!

न दिसणारा भाग याहून गंभीर आहे. एप्रिल २०१९ मध्ये फेसबुकने सांगितले, की नियमांत बसणाऱ्या पण ‘अयोग्य’ वाटणाऱ्या पोस्ट इन्स्टाग्रामच्या शोधपानावर आणि हॅशटॅगच्या पानांवर सुचवल्या जाणार नाहीत. म्हणजे चित्र नियमाविरुद्ध नाही, ते काढलेलेही नाही, तरी नव्या माणसाच्या नजरेस पडणार नाही. कलावंत यालाच ‘शॅडोबॅन’ म्हणतात. ‘रीच पडली’ एवढेच त्यांना कळते. चित्र कमी प्रतीचे होते, टाकण्याची वेळ चुकली की यंत्राने ते बाजूला सारले, हे कळायला मार्ग नसतो. काढलेल्या पोस्टविरुद्ध अपील तरी करता येते. जी शिक्षा झाल्याचेच कळवलेले नाही, तिच्याविरुद्ध दाद कशी मागायची? ज्याला आधीच लाखो अनुयायी आहेत त्याचे यात फारसे अडत नाही, कारण त्याचा प्रेक्षक त्याच्यापाशी आहे. नव्या कलावंताला मात्र अनोळखी माणसापर्यंत पोहोचण्यावाचून दुसरा रस्ताच नसतो, आणि तोच बंद होतो.

छायाचित्रकारांची अडचण वेगळीच. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या नियमांत चित्रे आणि शिल्पे यांतली नग्नता चालते. खऱ्या माणसाच्या छायाचित्रातली चालत नाही. या भेदामागे कारण आहे: छायाचित्रातल्या व्यक्तीची संमती होती का, तिचे वय किती, हे यंत्राला कळू शकत नाही. पण त्यामुळे छायाचित्रण ही कला नसल्यासारखीच वागणूक मिळते, आणि देहावर रंगकाम करणारे, शरीर हेच माध्यम मानणारे प्रयोगकलावंतही त्याच गटात जातात. इतके हुबेहूब रंगवणारे चित्रकार आहेत, की यंत्राला त्यांचे तैलचित्र छायाचित्र वाटते. जून २०१९ मध्ये नग्न समूहांच्या छायाचित्रणासाठी प्रसिद्ध असलेले स्पेन्सर ट्यूनिक आणि अमेरिकेतली ‘नॅशनल कोअॅलिशन अगेन्स्ट सेन्सॉरशिप’ यांनी न्यूयॉर्कमध्ये फेसबुकच्या कार्यालयासमोर शंभराहून अधिक लोकांना एकत्र आणून निषेध नोंदवला. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या नायोम निकोलस-विल्यम्स या कृष्णवर्णीय, स्थूल बांध्याच्या मॉडेलची अलेक्झांड्रा कॅमेरॉन यांनी काढलेली छायाचित्रे इन्स्टाग्रामवरून पुन्हा पुन्हा काढली गेली. हातांनी स्तन झाकलेली ती शांत व्यक्तिचित्रे होती. सडपातळ गोऱ्या स्त्रियांची त्याहून उघडी छायाचित्रे मात्र तिथे सुखेनैव होती. लोकांनी हा दुजाभाव लावून धरला आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये इन्स्टाग्रामला त्याविषयीचा नियम बदलावा लागला.

असे यश क्वचितच मिळते. बहुतेक कलावंत भांडत नाहीत. ते आपले काम बदलतात. चित्राचा काही भाग धूसर करणे, काळी पट्टी मारणे, केवळ खांद्यापर्यंतचा तुकडा दाखवणे, हे नित्याचे झाले आहे. त्यापुढची पायरी म्हणजे उडेल असे चित्र काढायलाच न घेणे. विषय निवडताना, आकृतीची ठेवण ठरवताना चाळणीचा विचार आधी येतो. स्तनाच्या कर्करोगानंतरचा देह, बाळंतपण, पारलिंगी व्यक्तीचे शरीर, लैंगिक अत्याचाराच्या आठवणी अशा विषयांवर काम करणाऱ्यांना हे सर्वाधिक जाचते, आणि समाजाला ज्या चित्रांची गरज आहे ती हीच चित्रे आहेत. न काढलेल्या चित्रांची मोजदाद कुणी करू शकत नाही. या साऱ्या व्यवस्थेची खरी किंमत तिथे आहे.

पैशाच्या वाटेवरची चाळणी तर आणखी अपारदर्शक. पेट्रियनसारख्या संकेतस्थळांवर चाहते दरमहा थोडी रक्कम देऊन कलावंताला आधार देतात. २०१७ मध्ये तिथले प्रौढ मजकुराचे नियम कडक झाले. मास्टरकार्डने ऑक्टोबर २०२१ पासून प्रौढ मजकूर विकणाऱ्यांसाठी वय आणि संमती तपासण्याच्या नव्या अटी लागू केल्या. या अटींचा हेतू योग्य असला, तरी त्या पाळण्याचा खर्च लहान संकेतस्थळांना झेपत नाही, आणि ती सरळ बंदीचा मार्ग धरतात. मार्च २०२४ मध्ये गमरोड या विक्रीस्थळाने पैसे हाताळणाऱ्या कंपन्यांच्या नियमांकडे बोट दाखवून बहुतेक प्रौढ कलाकृती बंद केल्या. जुलै २०२५ मध्ये इच.आयओ या स्वतंत्र गेमकर्त्यांच्या संकेतस्थळावर तर एका रात्रीत प्रौढ म्हणून नोंदलेली सगळी कामे शोधातून नाहीशी झाली. ऑस्ट्रेलियातल्या एका संघटनेने बलात्काराचे चित्रण असलेल्या एका गेमविरुद्ध मोहीम उघडली होती. दबाव कार्ड कंपन्यांवर आणला गेला, त्यांच्याकडून तो संकेतस्थळावर आला, आणि त्या गेमशी काहीही संबंध नसलेल्या हजारो लहान निर्मात्यांचे काम त्यात दिसेनासे झाले. मूळ आक्षेप रास्त होता. पण त्याचा निवाडा करणारी जागा न्यायालय नव्हती, कलासमीक्षक नव्हते, संकेतस्थळाचे मालकही नव्हते.

भारतात नग्नता आणि अश्लीलता यांतला फरक न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केला आहे, आणि त्यातले काही टप्पे मुंबईतले आहेत. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या प्रदर्शनात अकबर पदमसी यांची ‘लव्हर्स’ ही चित्रे पोलिसांनी काढायला सांगितली. पदमसींनी नकार दिला, त्यांना अटक झाली, खटला चालला आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्यांची वाग्दत्त वधू यांच्या नग्न छायाचित्राचा विचार करताना व्हिक्टोरियाच्या काळातली ब्रिटिश कसोटी बाजूला ठेवली. चित्राचा संदर्भ, त्यातून दिलेला संदेश आणि आजच्या समाजाची मानके पाहूनच अश्लीलता ठरवावी, असा तो निकाल आहे. पुढे २०२३ मध्ये मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी परदेशातून आणलेली सात चित्रे अश्लील म्हणून जप्त केली. ती होती गोव्यात जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांची आणि पुन्हा पदमसींचीच. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ती सोडण्याचा आदेश दिला आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील ठरत नाही, हे अधिकाऱ्यांना बजावले.

सीमाशुल्क अधिकाऱ्याने चूक केली. पण त्याने लेखी आदेश दिला होता, त्यात कारणे होती, म्हणून तो न्यायालयात टिकतो की नाही हे तपासता आले. चाळणीचा निर्णय असा तपासता येत नाही. अवीक सरकार निकालाने ज्या संदर्भाला महत्त्व दिले, तोच यंत्राला दिसत नाही. शिवाय कंपनी खासगी असल्यामुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा घटनात्मक हक्क तिच्याविरुद्ध थेट वापरणे अवघड जाते.

तरीही काही बदल घडले आहेत. इन्स्टाग्रामने जुलै २०२१ मध्ये संवेदनशील मजकूर किती पाहायचा हे प्रेक्षकाला ठरवू दिले आणि डिसेंबर २०२२ पासून व्यावसायिक व निर्माते म्हणून नोंदलेल्या खात्यांना आपले काम सुचवले जाते की नाही, हे ‘अकाउंट स्टेटस’मध्ये दिसू लागले. कलावंतांनी हे पान वरचेवर पाहावे. ‘रीच’ का पडली याचे उत्तर कधी कधी तिथे सापडते. मेटाच्या देखरेख मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये, ब्राझीलमधल्या स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या पोस्टचे प्रकरण हाताळताना, केवळ यंत्राच्या भरवशावर पोस्ट काढल्याबद्दल कंपनीला सुनावले. कलावंतांच्या संघटनांनी एकत्र येऊन ‘डोन्ट डिलीट आर्ट’ हा उपक्रम चालवला आहे. काढून टाकलेल्या कलाकृती तिथे मांडल्या जातात आणि अपील कसे करावे याचे मार्गदर्शनही मिळते. एक्स आणि ब्लूस्काय यांनी बंदीऐवजी खुणेची पद्धत पत्करली आहे: कलावंताने स्वतः खूण करायची, प्रेक्षकाने पाहायचे की नाही ते ठरवायचे. मुलांना दूर ठेवून प्रौढांना निवड देणारा हा मार्ग सरसकट बंदीपेक्षा कितीतरी न्याय्य आहे.

सर्वांत पुढचे पाऊल युरोपचे. तिथला डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून जवळजवळ सर्व समाजमाध्यमांना लागू आहे. पोस्ट काढली, तिची दृश्यता कमी केली किंवा तिच्यातून मिळणारे पैसे रोखले, तर कंपनीने वापरकर्त्याला कारण कळवलेच पाहिजे. त्यावर कंपनीकडे तक्रार करता येते, तिथे समाधान झाले नाही तर बाहेरच्या तंटानिवारण संस्थेकडे जाता येते, आणि तक्रारीचा निकाल केवळ यंत्रावर सोपवता येत नाही. जुलै २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने एका वापरकर्त्याचे खाते गुपचूप झाकल्याबद्दल एक्स कंपनीला याच कायद्याखाली दोषी धरले. ते प्रकरण कलेचे नव्हते, पण ‘शॅडोबॅन’ ही दाद मागण्याजोगी गोष्ट आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले.

भारतातल्या कलावंताच्या हाती माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ आहेत. या नियमांचा चौथा नियम, पोटनियम आठ, पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना बांधतो: स्वतःहून मजकूर काढताना वापरकर्त्याला कारणासह कळवायचे आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यायची. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागता येते. त्याच्या निर्णयाविरुद्ध ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. या समित्या २०२३ पासून काम करीत आहेत आणि त्यासाठी वकील लागत नाही. पोस्ट उडालेल्या प्रत्येक चित्रकाराने, छायाचित्रकाराने हा मार्ग वापरावा, आणि त्यासाठी पोस्टचा व कंपनीच्या सूचनेचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा. मूळ कामे, ग्राहकांचे ईमेल पत्ते आणि एक साधे का होईना स्वतःचे संकेतस्थळ समाजमाध्यमाबाहेर असू द्यावे. पण हा आठवा पोटनियम काढून टाकलेल्या मजकुरापुरताच आहे. गुपचूप झाकून ठेवलेल्या चित्राला तो लागू होत नाही, आणि नव्या कलावंतांचे सर्वांत मोठे नुकसान तर तिथेच होते. पोटनियम आठमध्ये ‘दृश्यता कमी करणे’ हे शब्द घालायला हवेत.